आधी टेन्सर की आधी बुध?

व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत शिक्षकाविना, केवळ पुस्तकाच्या आधाराने शिकायचा असेल तर पहिले पुस्तक कोणते घ्यावे? या प्रश्नाला बहुतेक जाणकार पिढ्यानपिढ्या एकच उत्तर देत आले आहेत. आधी टेन्सरचे गणित पक्के करा, मग वक्र अवकाश-कालाची भूमिती, मग आइन्स्टाइन यांची क्षेत्र-समीकरणे. बुधाची कक्षा, प्रकाशाचे वळणे, कृष्णविवरे हे सगळे त्यानंतर. पाया आधी, इमारत मागून, असा हा सल्ला ऐकायला रास्त वाटतो. पण त्याच्यापायी कितीतरी होतकरू वाचक तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातल्या ख्रिस्टोफेल चिन्हांशीच झटत राहतात आणि सूर्याभोवतीच्या एकाही ग्रहापर्यंत न पोचता पुस्तक मिटून ठेवतात. माझे म्हणणे असे की हा क्रम विषयाच्या अंगभूत तर्कातून आलेला नाही. त्याला एक इतिहास आहे. १९१६ सालच्या एका लेखात तो प्रथम दिसतो, पुढची चाळीसएक वर्षे एका विशिष्ट परिस्थितीमुळे तो टिकला, आणि ती परिस्थिती १९६० नंतर पालटली तरी सल्ला मात्र तसाच चालत राहिला. पुस्तक निवडणाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेल तर निवड पुष्कळ सोपी होते.

सुरुवात नोव्हेंबर १९१५ पासून करायला हवी. त्या महिन्यात आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या प्रशियन अकादमीपुढे लागोपाठच्या चार गुरुवारी चार टिपणे मांडली. बुधाच्या कक्षेचे गणित १८ तारखेच्या टिपणात आहे. क्षेत्र-समीकरणांचे अंतिम रूप मात्र आले २५ तारखेला. म्हणजे समीकरणे पुरती हाती येण्याच्या आठवडाभर आधीच बुधाचे कोडे सुटले होते. हे शक्य झाले, कारण सूर्याबाहेरच्या रिकाम्या अवकाशात आधीची अपुरी आणि नंतरची पुरी समीकरणे एकाच रूपाची होतात. कार्ल श्वार्ट्झशिल्ड तेव्हा जर्मन सैन्यात, रशियन आघाडीवर होते. १८ तारखेचे टिपण वाचून त्यांनी डिसेंबर संपण्यापूर्वीच सूर्यासारख्या गोलाभोवतीच्या अवकाश-कालाचे अचूक उत्तर काढले आणि पत्राने आइन्स्टाइन यांना कळवले. या सिद्धांताचे भौतिकी फळ त्याच्या संपूर्ण गणिती मांडणीच्या आधी हाती आले होते, एवढे यातून ध्यानात ठेवावे.

त्यानंतर १९१६ च्या वसंतात आइन्स्टाइन यांनी ‘आनालेन डेर फिजिक’ या नियतकालिकात सगळा सिद्धांत एकत्र मांडणारा दीर्घ लेख लिहिला. लाइपझिगच्या बार्थ या प्रकाशनाने तो पुस्तिकेच्या रूपातही काढला, आणि व्यवहारात तेच या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. त्याची रचना पाहण्याजोगी आहे. एकूण बावीस परिच्छेद. पहिल्या चारांत तत्त्वविचार. पाचव्यापासून बाराव्यापर्यंत निव्वळ गणित: सदिश, टेन्सर, त्यांचे विकलन, रीमान यांचा वक्रता-टेन्सर. गुरुत्वाकर्षणाची समीकरणे तेराव्यापासून पुढे. प्रकाशाचे वळणे आणि बुधाची कक्षा अगदी शेवटी, बाविसाव्या परिच्छेदात. अशी रचना करण्यामागे सबळ कारण होते. रिची आणि लेव्ही-चिव्हिता या इटालियन गणितज्ञांनी १९०० च्या सुमारास एकत्र मांडलेले हे कलन त्या काळच्या भौतिकीच्या प्राध्यापकांना माहीत नव्हते. खुद्द आइन्स्टाइन यांना ते १९१२ मध्ये झुरिचला मार्सेल ग्रोसमान या मित्राकडून समजून घ्यावे लागले होते. गणिताचे वेगळे पुस्तक धुंडाळण्याची पाळी वाचकावर येऊ नये म्हणून लागेल तेवढे गणित त्यांनी लेखातच घातले. हा वाचकावर केलेला उपकार होता. पुढच्या लेखकांनी मात्र त्या लेखाची अनुक्रमणिकाच विषयाची नैसर्गिक चढण मानली.

हे पुढचे लेखक कोण होते? केंब्रिजमध्ये आर्थर एडिंग्टन. पहिले महायुद्ध चालू होते आणि जर्मन नियतकालिके इंग्लंडात पोचत नव्हती. तटस्थ हॉलंडमधून विलेम डी सिटर यांनी पाठवलेली टिपणे रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सचिव या नात्याने एडिंग्टन यांच्या हाती आली आणि त्यांच्यावरून त्यांनी सिद्धांत आत्मसात केला. १९१८ मध्ये त्यांनी फिजिकल सोसायटीसाठी अहवाल लिहिला, २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात प्रिन्सिपे बेटावर जाऊन ताऱ्यांची छायाचित्रे घेतली, आणि १९२३ मध्ये ‘द मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ रिलेटिव्हिटी’ हा ग्रंथ काढला. त्याआधीच १९१८ मध्ये हेर्मान वाइल यांचे पुस्तक आले होते. १९२१ मध्ये वोल्फगांग पाउली यांचा विश्वकोशासाठी लिहिलेला प्रदीर्घ लेख आला. पाउली तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. या तिघांनाही हा विषय कोणी वर्गात शिकवला नव्हता. मूळ लेखांशी झुंजून त्यांनी तो मिळवला आणि जसा मिळवला त्याच क्रमाने लिहून ठेवला. एडिंग्टन यांच्या ग्रंथात दुसरेच प्रकरण टेन्सर कलनाचे आहे आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम तिसऱ्यात येतो. ग्रहणाच्या निरीक्षणासाठी समुद्र ओलांडून गेलेल्या खगोलशास्त्रज्ञाने असा क्रम स्वीकारावा, यावरून १९१६ च्या लेखाचे वजन किती होते ते कळते.

आपल्याकडे ही कथा कोलकात्यात सुरू होते. आशुतोष मुखर्जी यांनी उभारलेल्या विज्ञान महाविद्यालयात मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण अध्यापक होते. आधुनिक भौतिकी एम.एस्सी.च्या वर्गांना शिकवायची होती, पण इंग्रजीत पुस्तके नव्हती. दोघे जर्मन शिकले. १९०५ चा आइन्स्टाइन यांचा लेख आणि मिन्कोवस्की यांचे लेखन साहांनी इंग्रजीत आणले, १९१६ चा व्यापक सापेक्षतेवरचा लेख बोसांनी, आणि ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लिहिली. कोलकाता विद्यापीठाने १९२० मध्ये हे पुस्तक छापले. लंडनच्या मेथ्यूएन कंपनीचे भाषांतर, जे पुढे जगभर चालले, ते १९२३ चे. ही घटना अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीही. पण पुस्तक निवडण्याच्या दृष्टीने तिच्यातला दुसरा अर्थ महत्त्वाचा आहे. बोस आणि साहा यांच्यापुढे निवडच नव्हती. मूळ लेख हेच पाठ्यपुस्तक, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. ‘थोरामोठ्यांनी मूळ लेख वाचून विषय शिकला, तुम्हीही तसेच करा’ असे आज कोणी सांगितले तर त्याने त्या थोरांच्या अडचणीलाच पद्धत समजले आहे.

मग ही अडचण दूर झाल्यावरही, म्हणजे १९२५ ते १९५५ या तीस वर्षांत, तोच क्रम का टिकला? कारण भौतिकीकडून या विषयाला काही मिळत नव्हते. बुधाची कक्षा, सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाचे वळणे आणि वर्णपटाचे लालीकडे सरकणे या तीन कसोट्यांपलीकडे मोजता येण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि तिसरी कसोटी तर तेव्हा संशयातच होती. १९२५-२६ मध्ये पुंजयामिकी आली आणि तरुण भौतिकीतज्ज्ञ तिकडे वळले. सापेक्षता उरली ती गणित विभागांच्या आश्रयाने. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षतेचे केंद्र उभे करतात ते गणित विभागात. कोलकात्यात निखिल रंजन सेन हा विषय नेतात तो उपयोजित गणित विभागातून. त्या काळची पुस्तके याच वातावरणात लिहिली गेली. आइन्स्टाइन यांचे सहकारी पीटर बर्गमान यांच्या १९४२ च्या पुस्तकाला खुद्द आइन्स्टाइन यांची प्रस्तावना आहे. त्याचे तीन भाग म्हणजे विशिष्ट सापेक्षता, व्यापक सापेक्षता आणि एकीकृत क्षेत्र-सिद्धांत. तिसरा भाग ज्या प्रयत्नांवर आहे त्यांतून पुढे काही निष्पन्न झाले नाही. तारे, त्यांचे कोसळणे, गुरुत्वीय लहरी यांना अशा पुस्तकांत फार थोडी जागा मिळे, कारण त्यांच्याविषयी सांगण्याजोगे निरीक्षण कोणाकडेच नव्हते. पुस्तकात गणित आधी आणि भौतिकी शेवटी थोडेसे, याचे साधे कारण हे की भौतिकी होतीच थोडीशी.

याचा एकट्या वाचकाला बसणारा फटका एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. श्वार्ट्झशिल्ड यांच्या उत्तरात एक अंतर असे येते की तिथे मेट्रिकचा, म्हणजे अवकाश-कालातली अंतरे ठरवणाऱ्या सूत्राचा, एक घटक शून्य होतो आणि दुसरा अनंत. सूर्याच्या वस्तुमानासाठी हे अंतर सुमारे तीन किलोमीटर, म्हणजे सूर्याच्या पोटात खोलवर, जिथे ते उत्तर लागूच पडत नाही. त्यामुळे कित्येक वर्षे कोणी त्याची फिकीर केली नाही. पुस्तकांत त्याला ‘श्वार्ट्झशिल्ड सिंग्युलॅरिटी’ म्हणत. १९३९ मध्ये आइन्स्टाइन यांनी एक लेख लिहून अशी वस्तू प्रत्यक्षात असू शकत नाही असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी कोसळणारा तारा त्या अंतराच्या आत कसा जाईल याचे गणित करून दाखवले, पण पाठ्यपुस्तकांवर त्याचा परिणाम लवकर झाला नाही. वास्तविक एडिंग्टन यांनी १९२४ मध्येच असे निर्देशक वापरले होते की ज्यांत ही अडचण नाहीशी होते. ते त्यांच्या ध्यानात आले नाही. लेमेत्र यांनी १९३३ मध्ये स्पष्ट ओळखले की दोष निर्देशकांचा आहे, अवकाश-कालाचा नाही. १९५८ मध्ये फिंकेलस्टाइन आणि १९६० मध्ये क्रुस्कल यांच्या लेखांनंतर ही गोष्ट सर्वमान्य झाली, आणि ती ‘सिंग्युलॅरिटी’ कृष्णविवराचे क्षितिज ठरली. सूत्रातले एक अक्षरही बदलले नाही, बदलला तो त्याचा अर्थ. जुने पुस्तक हाती घेतलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक असेल तर तो या जागी सावध करील. एकटा वाचक मात्र सुंदर इंग्रजीत, निर्दोष गणितासह, जुनाट समजूत शिकून बसेल.

बदल सुरू झाला तो प्रिन्स्टनला. जॉन व्हीलर हे अणुकेंद्रीय भौतिकीतले नावाजलेले संशोधक. १९५२ मध्ये त्यांनी भौतिकी विभागात सापेक्षतेचा अभ्यासक्रम शिकवायला घेतला, आणि घेतला तो मुख्यतः स्वतःला विषय शिकायचा होता म्हणून. १९५७ मध्ये चॅपेल हिल येथे परिषद भरली. गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात की त्या केवळ निर्देशकांचा भास आहेत, यावर तिथे खल झाला आणि पारडे लहरींच्या बाजूने झुकले. मग घटना भराभर घडल्या. १९६० मध्ये पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमधल्या सुमारे २२ मीटर उंच मनोऱ्यात गुरुत्वाकर्षणाचा प्रकाशाच्या कंपनसंख्येवरचा परिणाम मोजला. १९६३ मध्ये क्वासार किती दूर आहेत ते कळले, त्याच वर्षी केर यांनी फिरत्या कृष्णविवराचे उत्तर काढले. १९६५ मध्ये विश्वाचे सूक्ष्मलहरी प्रारण सापडले, १९६७ मध्ये पल्सार. दहा वर्षांपूर्वी ज्या विषयाला सांगण्यासारखी भौतिकी नव्हती, त्या विषयात आता ती पुस्तकात मावेना.

या उधाणातून १९७२-७३ मध्ये तीन मोठी पुस्तके आली. स्टीव्हन वाइनबर्ग यांचे ‘ग्रॅव्हिटेशन अँड कॉस्मॉलॉजी’. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांचे ‘ग्रॅव्हिटेशन’. हॉकिंग आणि एलिस यांचे ‘द लार्ज स्केल स्ट्रक्चर ऑफ स्पेस-टाइम’. तिसरे गणितात मुरलेल्यांसाठी आहे, ते बाजूला ठेवू. पहिल्या दोघांतला मतभेद मूलभूत आहे. भूमितीवर दिलेल्या भरामुळे हा सिद्धांत मूलकणांच्या भौतिकीपासून तुटला, असे वाइनबर्ग यांना वाटत होते. त्यांनी समतुल्यतेचे तत्त्व केंद्रस्थानी ठेवून गुरुत्वाकर्षणाला इतर बलांच्या पंक्तीला बसवले. मिस्नर, थॉर्न आणि व्हीलर यांना भूमिती हाच सिद्धांताचा प्राण वाटतो. त्यांच्या ४४ प्रकरणांच्या, बाराशेहून अधिक पानांच्या ग्रंथात प्रत्येक राशीचे चित्र आहे, चौकटी आहेत, आणि सोपी व अवघड अशा दोन वाटा पानांवर खुणा करून दाखवल्या आहेत. या ग्रंथाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही एकट्याने शिकणाऱ्याने तो पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये असे मला वाटते. कारण तो ग्रंथ एकच गोष्ट तीन-चार भाषांत सांगतो, आणि नवख्याला त्यांतली कोणती आपल्यापुरती पुरे हे ठरवता येत नाही. शिवाय एक क्षुल्लक वाटणारा पण फार वेळ खाणारा सापळा इथेच सांगून टाकतो: चिन्हांचा. वाइनबर्ग यांच्या पुस्तकात क्षेत्र-समीकरणाच्या उजव्या बाजूला ऋण चिन्ह आहे, मिस्नर मंडळींच्या पुस्तकात धन. दोन्ही बरोबर, कारण वक्रतेची व्याख्या उलट चिन्हाने केली आहे. हा गोंधळ इतका जुना की ‘ग्रॅव्हिटेशन’च्या कव्हराच्या आतल्या बाजूला कोणत्या लेखकाने कोणते चिन्ह वापरले याचा तक्ताच छापला आहे. दोन पुस्तके शेजारी उघडी ठेवून गणित करणाऱ्याचे उत्तर चुकते ते बहुधा इथे.

खऱ्या अर्थाने क्रम उलटला तो २००३ मध्ये, जेम्स हार्टल यांच्या ‘ग्रॅव्हिटी’ या पुस्तकाने. हार्टल स्वतः विश्वरचनाशास्त्रातले कसलेले सिद्धांतकार. गणित टाळण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांनी केले ते एवढेच की श्वार्ट्झशिल्ड यांचे मेट्रिक वाचकाच्या हाती आधी दिले. ते कुठून आले हे मागाहून; त्याच्यात ग्रह आणि प्रकाश कसे चालतात ते आधी. यासाठी लागते ते पदवीच्या वर्गातले कलन आणि यामिकी, अधिक नाही. बुधाचेच गणित घ्या. न्यूटनच्या यामिकीत ग्रहाच्या त्रिज्यात्मक गतीला एक आकर्षणाचा आणि एक कोनीय संवेगाचा असे दोन भाग लागतात. श्वार्ट्झशिल्ड मेट्रिकमधून तेच समीकरण काढले तर एक तिसरा भाग येतो, अंतराच्या घनाने भागलेला, अगदी लहान. त्याच्यामुळे लंबवर्तुळ पुरते मिटत नाही. दर फेरीत उपसूर्य बिंदू किंचित पुढे सरकतो. सूर्याचे वस्तुमान लांबीच्या मापात सुमारे १.४८ किलोमीटर, बुधाच्या कक्षेचा अर्धा दीर्घ अक्ष ५.७९ कोटी किलोमीटर, विकेंद्रता ०.२०६; हे आकडे घातले की दर फेरीला साधारण ०.१०४ विकला येते. बुध एका शतकात ४१५ फेऱ्या मारतो. गुणाकार केला की ४३ विकला. ल व्हेरिये यांनी १८५९ मध्ये बुधाच्या कक्षेत जो न जुळणारा फरक दाखवला होता आणि ज्याचा पाठलाग खगोलशास्त्रज्ञ अर्धशतक करत होते, तो फरक नंतरच्या नेमक्या मोजमापांत एवढाच भरतो. हे गणित एका संध्याकाळी होते. ते ज्याने स्वतः केले, त्याला पुढे टेन्सर कशासाठी शिकायचे हे कोणी सांगावे लागत नाही. हार्टल यांच्या पुस्तकात वक्रता-टेन्सर आणि क्षेत्र-समीकरणे शेवटच्या भागात येतात, आणि तोवर वाचक उपग्रहांवरच्या घड्याळांचे गणितही करून बसलेला असतो: जीपीएसच्या उपग्रहांवरचे घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो तोलामोलाचा आहे. टेन्सरशिवाय व्यापक सापेक्षता म्हणजे सिद्धांताचा आत्माच वगळणे नव्हे का? निर्देशक कोणतेही घ्या, नियमांचे रूप तेच राहते, हाच तर या सिद्धांताचा गाभा. तो गणिताशिवाय कळेल कसा? याचे उत्तर असे की इथे गणित वगळलेले नाही, पुढे ढकललेले आहे. जो वाचक हार्टल यांचे पहिले दोन भाग वाचून थांबेल त्याचे शिक्षण अर्धवट राहील, हे कबूलच. पण पहिल्याच अवघड प्रकरणाशी पुस्तक मिटणाऱ्याचे तर काहीच होत नाही. आणि उपयोगाआधी उपकरण शिकले की ते टिकत नाही. आइन्स्टाइन यांनीसुद्धा रिचीचे कलन हौस म्हणून शिकले नव्हते. समतुल्यतेचे तत्त्व १९०७ पासून त्यांच्या डोक्यात घोळत होते, त्याला भाषा मिळेना म्हणून ते ग्रोसमान यांच्याकडे गेले. प्रश्न आधी होता. याउपर कोणाला गणिती शिस्त सुरुवातीपासूनच हवी असेल तर बर्नार्ड शुट्झ यांचे १९८५ मध्ये निघालेले ‘अ फर्स्ट कोर्स इन जनरल रिलेटिव्हिटी’ आहे. त्यात टेन्सर आधी येतात, पण विशिष्ट सापेक्षतेच्या सपाट अवकाश-कालात, ओळखीच्या राशींवर. पुढे त्याच्या स्वाध्यायांची उत्तरे देणारी वेगळी पुस्तिकाही निघाली, आणि एकट्याने शिकणाऱ्याला उत्तरांची पुस्तिका ही चैन नसते. आपण चुकलो हे सांगणारे दुसरे कोणी त्याच्याजवळ नसते.

दुसरा आक्षेप आपल्या देशाच्या इतिहासातून येतो. प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाश-कालाचे उत्तर काढले, जे आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अमल कुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये जे समीकरण दिले, त्याच्या आधारावर पेनरोज आणि हॉकिंग यांचे सिद्धांत उभे आहेत. दोघेही जुन्या, गणितप्रधान पुस्तकांवर पोसलेले. मग त्या पुस्तकांत उणे काय? पण त्यांचे चरित्र नीट पाहिले तर आक्षेपाचीच बाजू लंगडी पडते. वैद्य १९४२ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला घेऊन, साठवलेल्या पैशांवर, बनारसला जाऊन राहिले ते नारळीकरांच्या जवळ बसून शिकता यावे म्हणून. रायचौधुरींना निखिल रंजन सेन यांचे साहाय्य होते. पुस्तक जिथे मुके होते तिथे माणूस होता. पुस्तकात नसलेली भौतिकी, जुने मत कुठे डळमळीत आहे त्याची कुणकुण, कोणता स्वाध्याय सोडवावा आणि कोणता सोडून द्यावा याचा सल्ला, हे सगळे शिक्षक देतो. ज्याला शिक्षक नाही त्याने शिक्षकाचे काम करणारे पुस्तक घ्यायला हवे. वैद्यांसारखे होण्यासाठी वैद्यांचे पुस्तक पुरणार नाही. त्यांचा बनारसचा मुक्कामही लागेल.

याचा अर्थ जुनी पुस्तके टाकून द्यावीत असा मुळीच नाही. पहिले पुस्तक कोणते एवढाच इथे प्रश्न आहे, आणि दुसऱ्या पुस्तकाचा न्याय अगदी वेगळा आहे. एकदा विषय हाती लागला की लांडाउ आणि लिफ्शिट्झ यांच्या ‘क्लासिकल थिअरी ऑफ फील्ड्स’मधली शेवटची प्रकरणे वाचावीत, विद्युतचुंबकत्वावरून गुरुत्वाकर्षणाकडे इतक्या थोड्या शब्दांत नेणारे दुसरे लेखन क्वचितच सापडेल. डिरॅक यांचे १९७५ चे पुस्तक जेमतेम सत्तर पानांचे. पहिल्या वाचनाला ते निर्दय वाटते, उजळणीला अमोल. रॉबर्ट वॉल्ड यांचा १९८४ चा ग्रंथ ज्याला संशोधनाकडे जायचे आहे त्याच्यासाठी. शॉन कॅरोल यांनी आपल्या व्याख्यानांची टिपणे १९९७ मध्ये सर्वांसाठी खुली केली, ती आजही विनामूल्य मिळतात आणि गणिताचा मधला टप्पा ओलांडायला फार उपयोगी पडतात. आणि लाइटमन, प्रेस, प्राइस व ट्युकोलस्की यांचा १९७५ चा उत्तरांसह छापलेला स्वाध्यायसंग्रह तर प्रत्येक स्वयंशिक्षिताच्या टेबलावर असावा. ज्याने गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे आणि ज्याला विकलक भूमिती आधीच येते, त्याच्यासाठी माझा सगळा युक्तिवाद गैरलागू आहे. त्याने थेट वॉल्डपासून सुरुवात करावी. पण पुस्तक शोधत फिरणाऱ्यांत असे वाचक थोडे. बहुतेक जण अभियंते, पदवीचे विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त झाल्यावर राहून गेलेली आवड पुरी करणारे असतात.

महाराष्ट्राचे या विषयाशी असलेले नाते आता केवळ पुस्तकी राहिलेले नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रातील जयंत नारळीकर आणि थाणू पद्मनाभन यांची या विषयावरची पुस्तके २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढली. नारळीकरांचे सुरुवातीच्या विद्यार्थ्यासाठी आहे आणि आटोपशीर आहे. पद्मनाभन यांचे पुढच्या टप्प्यासाठी. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या महाविद्यालयांत हा विषय शिकवणारा अध्यापक जवळपास मिळेलच असे नाही. तिथल्या मुलामुलींना हा विषय स्वतःच शिकावा लागेल, आणि त्यांच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक आहे याला त्यामुळे फार महत्त्व आहे. ग्रंथालयासाठी पुस्तके मागवणाऱ्या प्राध्यापकांना विनंती आहे की हार्टल किंवा शुट्झ यांची निदान एक प्रत, शुट्झ असेल तर उत्तरांच्या पुस्तिकेसह, आधी मागवा. जाडजूड ग्रंथ नंतर. आणि स्वतःच्या पैशाने पुस्तक घेणाऱ्या वाचकाला एवढेच सांगणे: विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका उघडा, बुधाची कक्षा कितव्या पानावर आहे ते पाहा, आणि त्या पानापर्यंत शिक्षकाविना पोचता येईल असे वाटले तरच ते पुस्तक घ्या.